बुडीत खातं

"चिनी भुंगेऱ्यावर चिनीच गांधीलमाशी? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" आमचे हेडकॅशियर चहा ढवळत म्हणाले. तिकडे अमेरिकेत, २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्यानं अ‍ॅशची कोट्यवधी झाडं खाल्ली. त्याच्यावर २००७ पासून या माश्या सोडल्या. अहो, मुंगीएवढी ती, माणसाला चावतही नाही! सालीखालच्या अळीत अंडी घालते, पुढचं काम तिची पोरं करतात. (ऑडिटर याहून वेगळं काय करतात?) जाड सालीतून तिची नळी पोचत नाही, कबूल. म्हातारी झाडं बुडीत खात्यात. पण कोवळी रोपं तीच राखतेय. २०२१ मध्ये अमेरिकन केंद्र सरकारनं लाकूड हलवण्यावरची बंदीसुद्धा उठवली. मग जंगलात पहाऱ्याला कोण, हेडकॅशियर?

ते गप्प. चहाचे पैसे मात्र मीच दिले.