तळे खुले झाले, ग्रंथांचे काय?

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यापाशी पुस्तकांचे स्टॉल लागतात. महाड-पोलादपुरातल्या वाडीवस्तीवरचा माणूस पोटाला चिमटा काढून बाबासाहेबांचा ग्रंथ घेऊन घरी जातो. आता विहारातला तरुण तोच ग्रंथ मोबाईलवरून शंभर जणांना पाठवतो आणि विचारतो, "वकीलसाहेब, हा गुन्हा तर नाही ना?" याचे नेमके उत्तर चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) किंवा 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मूळ स्वरूपात छापायला आज कोणाचीही परवानगी लागत नाही.

परंतु 'सगळेच खुले झाले' हा समज चुकीचा आहे. निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे कलम २४ नुसार प्रसिद्धीपासून मोजतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ चे, त्याची मुदत २०१७ अखेर संपली. 'रिडल्स इन हिंदुइझम' मात्र राज्य सरकारने १९८७ मध्ये छापले, म्हणून त्याचा हक्क २०४७ अखेरपर्यंत आहे. शिवाय अनुवादकाचा हक्क वेगळा. मूळ इंग्रजी खुले असले तरी त्याचा मराठी अनुवाद खुला असेलच असे नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

आता दुसरी बाजू. सरकारची ग्रंथमाला वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये तिची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकार छापत नाही, तेव्हा खुल्या ग्रंथावर 'सर्व हक्क राखीव' असा शिक्का मारणारे पुढे येतात. हा दावा आपल्याला नवा नाही. १९२७ च्या डिसेंबरात सवर्णांनी चवदार तळे खासगी असल्याचे सांगून दिवाणी दावा लावला होता. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले, पण त्याला दहा वर्षे लागली. प्रकाशकाचा हक्क त्याच्या प्रस्तावनेवर, टिपांवर, अनुवादावर आहे. बाबासाहेबांच्या खुल्या झालेल्या शब्दांवर नाही.

मात्र खुले म्हणजे बेवारस नव्हे. लेखकाचे नाव आणि लेखनाची अखंडता कलम ५७ राखते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपल्यावरही मोडतोडीविरुद्ध वारसांना दाद मागता येते. जातपात तोडक मंडळाने भाषणात बदल मागितला, तेव्हा बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले आणि ते भाषण स्वखर्चाने छापले. त्यांच्या नावावर मनाची वाक्ये घुसडून पाठवणाऱ्या आपल्याच लोकांनी हे लक्षात ठेवावे.

हाच पेच संगणकाच्या क्षेत्रातही आहे. माइनक्राफ्ट या खेळासाठी अनेकांनी मिळून लिहिलेला क्राफ्टबुकिट नावाचा कोड सर्वांसाठी खुला होता. त्यात खेळाच्या कंपनीचा बंद कोडही मिसळलेला होता. खुल्या परवान्याच्या अटी पाळल्या जात नाहीत, असे सांगून २०१४ मध्ये एका सहलेखकाने आपला हक्क बजावला आणि त्याचे वितरण थांबले. अनेकांचे कष्ट एका नोटिशीने अडले. अटी आणि मालकी सुरुवातीलाच स्पष्ट नसली की असे होते.

आपले कार्यकर्ते आज ग्रंथ टाइप करतात, अनुवाद करतात, आवाजात ध्वनिमुद्रित करतात. त्या प्रत्येक कामावर पहिल्याच दिवशी लेखी परवाना असावा: कोणीही फुकट घ्यावे, वाटावे, मूळ खंड आणि पान नमूद करावे, दुरुस्ती केली तर ती सांगून, याच अटींवर पुढे द्यावी. अनुवादकाची सही घ्यावी. ज्याचा हक्क अजून संपलेला नाही, त्याची परवानगी लेखी मागावी. विहाराच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. उद्या कोणी नोटीस पाठवली, तर आपल्या हातात कागद असला पाहिजे.

जयभीम.