फाटक आणि पेढी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३१ प्रमाणे, रक्षक नसलेल्या रेल्वे फाटकापाशी चालकाने वाहन थांबवावे. क्लीनरने रुळांपर्यंत पायी जाऊन कोणत्याही बाजूने आगगाडी वा ट्रॉली येत नसल्याची खात्री करावी, मगच वाहनाला वाट दाखवावी. क्लीनर नसल्यास चालकाने स्वतः उतरावे. मालाच्या टेम्पोवर बहुधा तो एकटाच असतो.

ब्रॉडगेजवरील अशी फाटके २०१९ च्या जानेवारीअखेर संपली. उरला तो बंद फाटकापुढील उतावीळपणा. रेल्वे अधिनियमाच्या कलम १६० नुसार बंद फाटक परस्पर उघडल्यास तीन, तोडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तो भोगायचा चालकाने. ‘माल अजून का पोहोचला नाही?’ हा फोन मात्र पेढीवरून गेलेला असतो.