आधीं घाट, मग कल्हई

संगणकावर चित्रें काढण्याची आवड आमच्या विद्यार्थ्यांत वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. इंकस्केपसारखें साधन विनामूल्य मिळतें, आणि आयकॉन व बटणें कांचेसारखीं चकचकीत करण्याची कृति थोडक्या वेळांत साधते. परंतु या चकाकीची योग्य जागा कोणती, याविषयीं दोन शब्द लिहावेसे वाटतात.

छायाचित्र हें रंगाच्या असंख्य ठिपक्यांचें बनलेलें असतें. तें फार मोठें केलें कीं ठिपके उघडे पडतात. व्हेक्टर चित्रांत बिंदु व त्यांना जोडणाऱ्या वक्र रेषा यांचें गणित साठविलेलें असतें. या रेषांना बेझिए हें नांव पडलें, तें पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्यावरून. मोटारीच्या अंगाचा बांक नेमका मांडतां यावा म्हणून रेनो कारखान्यांत १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं ही रीति रूढ केली. म्हणूनच असें चिन्ह नखाएवढें असो कीं भिंतीएवढें, त्याची कड रेखीव राहते.

चकाकीची कृति अशी: गोल कोपऱ्यांचा आयत काढावा, त्यांत वर उजळ व खालीं गडद होत जाणारा रंग भरावा, वरच्या अर्ध्यावर विरत जाणारा पांढरा थर द्यावा, तळाशीं मंद सावली टाकावी. प्रकाश वरून येतो असें आपला डोळा गृहीत धरतो, म्हणून बटण उठून दिसतें. छटांचा क्रम उलटविला कीं तेंच दाबल्यासारखें भासतें.

२००० सालीं ॲपलनें ‘अक्वा’ हें चकचकीत रूप दाखविलें. २०१३ सालीं त्याच कंपनीनें आयफोनवर सपाट चिन्हें आणिलीं, आणि २०२५ सालीं पुनः कांचेसारखें रूप पुढें केलें. तेव्हां केवळ प्रघाताकडे पाहून निर्णय करूं नये.

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें ग्रंथालयासाठीं चिन्ह केलें. त्यांत चकाकी, सावली, प्रतिबिंब, कशाचीच उणीव नव्हती. मीं त्याची वर्गांत स्तुति केली. पुढें तें सोळा ठिपक्यांच्या चौकटींत बसविलें, तेव्हां तें पुस्तक आहे कीं साबणाची वडी, हें कोणासही ओळखतां येईना. मुलगा हिरमुसला. चूक त्याची नव्हती. झळाळी पाहून भुललों तो मी.

उलट अनुभव घरीं आला. माझ्या आईच्या नव्या फोनवर ‘पुढें’ असा शब्द कोऱ्या जागेंत नुसता लिहिला होता. ती बोट वर धरून बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “हें वाचायचें कीं दाबायचें रे?” तेथें थोडासा उठाव असता तर तिला कोणाची वाट पाहावी लागली नसती.

पितळेच्या भांड्यास कल्हई लावतात ती झळाळीसाठीं नव्हे. आंतलें ताक कळकूं नये म्हणून. मात्र गळक्या भांड्यास कितीही कल्हई केली तरी त्यांत पाणी ठरत नाहीं. चिन्हाचें असेंच आहे. घाट आधीं, कल्हई मागाहून. आणि तीहि वापरणाऱ्याच्या सोयीसाठीं.

१९८४ च्या मॅकिंटॉशवरील चिन्हें सुसान केअर यांनीं चौकटीच्या कागदावर, केवळ काळ्या-पांढऱ्या घरांत आखलीं होतीं. मुलांनो, तुम्हीही प्रथम एकाच काळ्या रंगांत, लहान आकारांत चिन्ह काढा. घरांतील वडील माणसास कांहीं न सांगतां दाखवा. त्यांनीं ओळखलें, तरच रंगास हात घाला.

आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाचें चित्र पाहून ‘किती चकाकतें!’ असें म्हणून थांबूं नये. ‘हें कोणासाठीं केलेंस?’ असेंहि विचारावें. तो प्रश्न मीं त्या दिवशीं विचारावयास हवा होता.