भांडी बहिणीला, घर भावांना

अम्मीचा चाळिसावा झाला आणि आम्ही भावंडे घर आवरायला बसलो. लोखंडी ट्रंकेतून अब्बांची शेरवानी, कल्हई उडालेली देगची, अम्मीचे पानदान निघाले. "आपा, जे हवे ते घेऊन जा," भाऊ उदारपणे म्हणाला. आपा पानदान मांडीवर घेऊन बसून राहिली. दुपारी वकिलाकडून हक्कसोड पत्राचा मसुदा आला. नोंदणीची तारीखही ठरलेली!

समान नागरी कायद्याचे नाव निघताच शरीयतसाठी मोर्चात पुढे असणारे आम्ही हेच. सूरह निसाच्या 11व्या आयतीत मुलाला दोन मुलींइतका हिस्सा सांगितला आहे. म्हणजे मुलीला त्याच्या निम्मा तरी! तो निम्माही द्यायचा नसेल, तर शरीयत फक्त मोर्चापुरती का? बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटते, हे कोणत्या किताबात लिहिले आहे? (हिंदू शेजाऱ्यांकडेही हेच पत्र चालते. या बाबतीत आमची एकजूट वाखाणण्यासारखी आहे.)

"करती मैं दस्तखत. तुम भाई-भाई मिलके रहो," आपा म्हणाली.

मी मसुदा परत पाठवला. तेव्हापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. आपाही रागावली आहे. तुझ्यामुळे माझे माहेर गेले, म्हणते.