मुक्ता कोठे आहे?

१८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातील अवघ्या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या लोकांचे दुःख निबंधातून मांडले. ज्या ‘ज्ञानोदया’ने तो छापला, त्याचा आरंभ १८४२ मध्ये आपल्याच नगरात झाला होता.

पुढे कुमारांच्या पुस्तकांनी मात्र नायक दिले ते गोट्या आणि फास्टर फेणे! दोघेही मुलगे, दोघांचेही जग पांढरपेशा वळणाचे. ती पुस्तके वाईट नव्हेत; तेवढ्यांनाच ‘सर्वांची’ म्हणणे हा अन्याय होय. ‘चांगल्या गोष्टीला जात नसते, लिंग नसते,’ असा युक्तिवाद होतो. मग साहस नेहमी त्याच घरातल्या मुलाच्या वाट्याला का? सावेडीतील मुलीला कथेत कुणाची तरी बहीण म्हणूनच प्रवेश का?

शिक्षकहो, वाचनालयासाठी पुस्तक निवडताना एवढे पाहा : यात निर्णय कोण घेते? मुक्तेने लेखणी धरली होती. तिच्या लेकींना नुसते श्रोते करू नका.