वनवासी नव्हं, आदिवासी!



15 नोव्हेंबर 2022 ला बिरसा मुंडांची जयंती झाली. त्या दिवशी वाशिमला राहुल गांधींनी बिरसा आणि सावरकर यांची तुलना केली. दोन दिवसांनी अकोला जिल्ह्यात सावरकरांचं इंग्रजांना लिहिलेलं पत्र दाखवलं. 20 तारखेला जळगाव जामोदला ते म्हणाले, आदिवासी वेगळा, वनवासी वेगळा. राज्यभर गदारोळ झाला.

सावरकरांनी अंदमानात काळं पाणी भोगलं, हे खरं. माफीचे अर्ज केले, हेही खरं. पण भांडण सावरकरांवरच चालतं आणि बिरसा बाजूला राहतो. तो कशासाठी लढला? पूर्वजांनी जंगल साफ करून कसलेली जमीन जमीनदार-सावकारांच्या घशात चालली, म्हणून. 9 जून 1900 ला रांचीच्या तुरुंगात तो गेला, तेव्हा पंचवीस वर्षंही पुरी नव्हती. त्या लढ्याच्या धाकानंच 1908 ला छोटानागपूरचा कूळकायदा आला.

वनवास रामाला झाला, चौदा वर्षांनी संपला. आपल्याला कुणी जंगलात धाडलं नाही. आपण आधीपासूनचे, म्हणून आदिवासी. वनवासी म्हटलं की हे आधीपण पुसलं जातं. 2006 चा वनहक्क कायदा बघा. अनुसूचित जमातीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. इतर वननिवाशांना 75 वर्षांचा पुरावा लागतो. आपण कोण, यावर पट्टा अडतो.

काँग्रेसवाल्यांनाही आमचा सवाल आहे. कायदा तुमच्या राज्यात झाला, पण 2014 पर्यंत महाराष्ट्रात सरकार तुमचंच होतं. तेव्हाही दावे धूळ खात पडले. केंद्र सरकारनं तर जून 2022 मध्ये नवे नियम काढले. त्यामुळं ग्रामसभेची संमती न बघताच जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची मंजुरी केंद्राला देता येऊ लागली.

इकडं तुंगार्ली धरणाच्या आसपास बंगले उठले. मावळातल्या कितीतरी कातकरी वाड्यांत मात्र झोपडीखालची जागाही नावावर नाही.

म्हणून दाव्याच्या अर्जात जमातीचं नाव स्पष्ट लिहा: कातकरी, ठाकर, महादेव कोळी. किमान दोन पुरावे जोडा. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आणि मत मागायला येईल त्याला, झेंडा कुठलाही असो, दोनच गोष्टी विचारा: आम्हाला काय म्हणतोस? आणि पट्टा कधी देतोस?

जोहार!