भागीदारी की दत्तकविधान? वारसावास्तूंच्या नावाने चाललेल्या एका गोंधळाविषयी

#थ्रेड

१/ जुनी वास्तू ढासळू लागली की दोनच आरोळ्या उठतात. एक : "सरकार झोपले आहे काय?" दुसरी : "द्या एखाद्या उद्योगसमूहाकडे!" दोन्ही आरोळ्यांमागे विचार कमी आणि सुटकेची घाई अधिक. भायखळ्याच्या राणीबागेतील एक इमारत या दोन्हींना खोटे ठरवते.

२/ ती म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. पायाभरणी १८६२ची, लोकांसाठी खुले झाले १८७२मध्ये. नाव राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे; पण ते उभे राहावे म्हणून जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट झटले, नगरजनांनी वर्गणी दिली. ही वास्तू जन्माला आली तीच भागीदारीतून.

३/ १९७५मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले. उचित झाले. परंतु पाटी बदलल्याने पडझड थांबत नाही. मालकी महापालिकेची होती, तरीही वास्तू खंगत गेली. सार्वजनिक मालकी आवश्यक आहे. ती पुरेशी नाही, हा पहिला धडा.

४/ २००३मध्ये त्रिपक्षीय करार झाला. मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक. मालकी पालिकेकडेच राहिली, प्रतिष्ठानाने द्रव्यबळ दिले, इन्टॅकने तज्ज्ञता आणली. जीर्णोद्धाराची धुरा वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्याकडे होती.

५/ इमारतीच्या कामाला २००५मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान मिळाला. जानेवारी २००८मध्ये संग्रहालयाची दारे पुन्हा उघडली. यश एकट्या पैशाचे नव्हते. पैसा, मालकी आणि ज्ञान यांची आसने वेगवेगळी होती, म्हणून हे घडले.

६/ आणि जतन झाले ते केवळ दगड-लोखंडाचे नव्हे. मुंबईच्या जातीजमाती आणि व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या प्रतिकृती तेथे आहेत. ज्या पाषाणहत्तीमुळे पोर्तुगिजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटले, तो बाहेर उभा आहे. शहराला स्वतःची ओळख सांगणारे हे घर आहे.

७/ आता दुसरे चित्र. २०१७मध्ये केंद्राने वारसा 'दत्तक' देण्याची योजना आणली. २०१८मध्ये दालमिया भारत समूहाशी लाल किल्ल्यासंबंधी करार झाला : पाच वर्षे, २५ कोटी रुपये. "किल्ला विकला" अशी ओरड झाली. ती चूक होती. मालकी हलली नव्हती. करार मुख्यतः पर्यटकांच्या सोयीसुविधांचा होता.

८/ पण त्या गदारोळात खरा प्रश्न निसटला. पाणी, प्रसाधनगृहे, दिवे कोणीही पुरवावेत. मात्र माहितीफलक आणि माहिती केंद्र हीसुद्धा 'सुविधा' ठरली, की इतिहास सांगण्याचे काम सेवापुरवठ्याच्या यादीत जाऊन बसते. तेथे इतिहासकाराचे आसन कोणते, हे आधी विचारायला हवे होते.

९/ 'दत्तक' हा शब्दच बोलका आहे. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचे कूळ आणि नाव बदलते. वारसावास्तूला नवा बाप नको. तिला भागीदार हवेत. भागीदार हिशेब देतो, बाप देत नाही.

१०/ म्हणून प्रत्येक करारापुढे तीन अटी ठेवाव्यात. करार जनतेला वाचता यावा. संवर्धक आणि इतिहासकार यांना दात्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार असावा. वास्तूची कथा स्थानिकांच्या भाषेत, तिच्या गवंडी-पाथरवटांसह सांगितली जावी.

११/ यांतली एकही अट महागडी नाही. तरीही करार करताना त्या टाळल्या, तर भिंती चकचकीत उभ्या राहतील आणि त्यांच्यामागचा इतिहास मात्र देणगीदाराच्या नामफलकापुरता उरेल. असे जतन म्हणजे सभ्य शब्दांत केलेली पडझडच.